रेकॉर्ड नंबर एक

सुनीती केळुसकरने लिहिलेल्या कुठल्याही प्रोग्राममध्ये गिऱ्हाइकांची यादी दोनपासून सुरू व्हायची. एक नंबर पडद्यावर कधी दिसायचाच नाही. नेरुळच्या गॅस एजन्सीचे मालक जयप्रकाश गावंड यांनी यावरून तिच्याशी चांगली हुज्जत घातली होती. त्यांना आपल्या आईचं, वेणूबाईंचं, नाव यादीत सर्वांत वर हवं होतं.

"मॅडम, आयचा नंबर दुसरा का लागतंय? पयला कोन हाय?"

"कंप्युटरचं असंच असतं, शेठ. पहिली जागा तो स्वतःसाठी ठेवतो."

सत्त्याण्णव सालातली गोष्ट. तेव्हा कंप्युटरच्या नावावर काहीही खपायचं. माणसं चपला बाहेर काढून त्याच्या खोलीत जायची, दसऱ्याला मॉनिटरच्या कपाळावर हळदकुंकू वाहायची आणि तो बंद पडला की आवाज खाली करून बोलायची, जणू घरात कोणी आजारी आहे. गावंडशेठनी मान डोलावली. यंत्राचा मान यंत्राला, असं म्हणून आईला दुसऱ्या जागेवर बसवलं.

खरी गोष्ट अशी, की पहिल्या जागेवर सुनीतीचा भाऊ होता.

बेलापूरला सेक्टर अकरात, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर वकिलांची ऑफिसं असलेल्या इमारतीत तिची कंपनी होती. कंपनी कसली, दोन खोल्या, चार मशिनी आणि एक एसी, तोही माणसांसाठी नव्हे, मशिनींसाठी. वाशीपासून पनवेलपर्यंतच्या दुकानदारांना, दवाखान्यांना, शाळांना ही मंडळी फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहून द्यायची. नव्या मुलांना सुनीती पहिल्याच दिवशी चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवायची. बॅकअप दोन फ्लॉप्यांवर घ्यायचा, पण दोन्ही फ्लॉप्या एका पिशवीत ठेवायच्या नाहीत, कारण पिशवी विसरणारा दोन्ही विसरतो. गिऱ्हाईक 'मी काहीच केलं नाही हो' म्हणालं, की त्याने नेमकं काय केलं ते शोधायला लागायचं. आणि चाचणीला खोटी माणसं घालायची नाहीत. बाकीचे प्रोग्रामर 'एबीसी', 'एक्सवायझेड' अशी नावं ठोकून मोकळे व्हायचे. एकाने तर सासूचं नाव घालून तिच्यापुढे तीन वर्षांची थकबाकी दाखवली होती. सुनीतीला हा पोरखेळ खपत नसे.

"खोट्या माणसाला खोटा पत्ता असतो," ती म्हणायची, "आणि खोट्या पत्त्यावर चूक राहत असली तरी सापडत नाही. खरं नाव घाला. खरी जन्मतारीख घाला. जिथे रोज टपाल येतं असा पत्ता घाला."

एवढं बोलून ती स्वतः कीबोर्डपुढे बसायची. कोऱ्या वहीवर आधी श्री काढावा तशी ती कोऱ्या यादीत पहिलं नाव टाइप करायची: इंद्रजित केळुसकर. जन्म एकसष्ट सालचा. पत्ता नेरुळच्या तिच्या स्वतःच्या फ्लॅटचा, फोन नंबरही तिथलाच. मग या माणसाला ती गॅस नोंदवायला लावायची, चष्मा करायला लावायची, जसं दुकान तसं. काम पक्कं झालं की ती नोंद पुसून टाकायची आणि माल गिऱ्हाइकाकडे जायचा.

पण फॉक्सप्रोमधलं पुसणं म्हणजे पुसणं नव्हे. ही त्यातली गंमत त्या काळच्या प्रत्येक प्रोग्रामरला एकदा तरी चावलेली होती. डिलीट म्हटलं की नाव जात नाही. त्याच्यापुढे एक चांदणी उमटते, आणि चांदणीवाल्यांना यापुढे दाखवायचं नाही एवढंच यंत्राला कळतं. नाव, पत्ता, वय सगळं जागच्या जागी असतं. रिकॉल म्हटलं की चांदणी जाते आणि माणूस पुन्हा उभा. कायमचा घालवायचा तर पॅक म्हणावं लागतं. पॅक केलं की चांदण्या लागलेले सगळे खरोखर जातात, मागचे एकेक जागा पुढे सरकतात, आणि मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी गेलेला परत येत नाही. 'माल पोचवायच्या आधी पॅक विसरू नका,' असं सुनीती मुलांना दहादा बजावायची. स्वतः मात्र करत नसे. पुढेमागे तक्रार आली तर तपासायला एक ओळखीची नोंद असलेली बरी, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं. कारण चांगलं होतं. कोणालाही पटलं असतं.

घरी मात्र हे नाव कोणी उच्चारत नसे. मोठ्या भावाला ती दादाच म्हणायची, आणि आता दादा म्हणायचाही प्रसंग येत नव्हता.

इंद्रजित बोटीवर होता. केळुसकरांचं मूळ घर वेंगुर्ल्याकडचं. तिकडच्या पोराला बोट नवीन नाही. पंच्याऐंशी साली तो एका मालवाहू बोटीवर चढला तेव्हा ही माणसं कुर्ल्याला एका खोलीत राहत होती. वडील आधीच गेलेले. दारात सुनीती त्याला म्हणाली होती, "लवकर ये." आपल्याकडे निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत, ये म्हणतात, म्हणून ती ये म्हणाली. भर समुद्रात एका सकाळी हजेरीच्या वेळी तो बोटीवर नव्हता. कपडे होते, चपला होत्या, बिछाना होता. पाण्यात पडला म्हणावं तर कोणी पडताना पाहिला नाही. कंपनीने तसं कळवलं आणि विषय संपवला.

मालतीबाईंनी, तिच्या आईने, संपवला नाही. प्रेत नाही तर मरण नाही, हा त्यांचा हिशेब. कपाळावर हात मारून घेतला नाही की कोणाच्या गळ्यात पडून रडल्या नाहीत. त्या वाट बघायला लागल्या, एवढंच. सुनीतीने नेरुळला फ्लॅट घेतला तेव्हा त्या कुर्ल्याची खोली सोडायला तयार होईनात. "तो थंय येतलो," त्या म्हणायच्या, "आनि दाराक कुलूप बघून परत जातलो." शेवटी खोलीच्या चौकटीवर ऑइल पेंटने नवा पत्ता लिहिला तेव्हा कुठे त्या टेम्पोत बसल्या. दोन वर्षांनी ती चाळ पाडली. चौकटही गेली. ही बातमी ऐकल्यावर मालतीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आता मुलाला पत्ता कसा सापडणार, हेच त्यांना खात होतं.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं भरली की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढचं सगळं करतात. तोवर तो ना इकडचा ना तिकडचा. सत्त्याण्णवच्या भाद्रपदात बारा वर्षं भरत होती. गावाहून काकांचे फोनवर फोन सुरू झाले. "वहिनी, पोरगो तळमळत आसतलो. मोकळो कर तेका." मालतीबाईंनी महिनाभर तोंडाला कुलूप घातलं. आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सर्वपित्रीक करूया. काकाक सांग." सुनीतीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आईच्या डोळ्यात पाणी नव्हतं. खूप लांबचं चालून आल्यावर माणूस बसतो, तशा त्या बसल्या होत्या. सुनीतीने हो म्हटलं, काकांना फोन केला आणि त्या दिवशी ऑफिसात तिचं कशातच लक्ष लागलं नाही.

त्याच आठवड्यात गॅस एजन्सीतून ज्ञानेश्वरीचा फोन आला. ज्ञानेश्वरी तिथली ऑपरेटर. साताऱ्याकडची, कामाला चटपटीत, पण घाबरली की सगळं विसरणारी.

"मॅडम, सेक्टरच गेला!"

"कुठे गेला?"

"डिलीट झाला. सगळी गिऱ्हाइकं, सगळी बुकिंग. मी काय पण नाय केलं, आईशप्पथ. शेठ अर्ध्या तासात येतील, मला लय टेन्शन आलंय."

फोनवरून प्रोग्राम दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण सुनीतीचा त्यात हात बसलेला. "रडू नकोस," ती म्हणाली. "काही गेलेलं नाही, फक्त चांदण्या लागल्यात. मी सांगते ते टाइप कर." तिने एकेक अक्षर सांगितलं. रिकॉल ऑल. दोन्ही फाइलींवर. पलीकडून कीबोर्डचा खडखडाट आला, आणि मग ज्ञानेश्वरीचा सुस्कारा. "आले मॅडम! सगळे आले!"

"बघ," सुनीती हसत म्हणाली आणि फोन ठेवून चहा प्यायला गेली. आपण आत्ता कोणाकोणाला बोलावलं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. गेलेला सेक्टर ती राहायची तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायात चपला सरकवत असताना जिन्यात लोखंड आपटल्याचा आवाज आला. हौसेराव गॅसवाला टाकी खांद्यावर घेऊन वर येत होता. दम खात खात, दर मजल्यावर थांबत, तो चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने पुकारत होता, कारण तशी त्याची पद्धतच होती.

"इंद्रजित केळुसकर! इंद्रजित केळुसकर! गॅस!"

बारा वर्षांत त्या घराने हे नाव इतक्या मोठ्याने ऐकलं नव्हतं. सुनीती चपला घालायची थांबली आणि भिंतीला टेकली. स्वयंपाकघरातून मालतीबाई बाहेर आल्या, पिठाचे हात तसेच.

"काकू, इंद्रजित केळुसकर कोन वो? टाकी आलीया त्यांची."

"माजो झील," मालतीबाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "तो घराक नाय. येतलो आता. थंय ठेव."

हौसेरावाने टाकी ठेवली, रिकामी उचलली, पाणी प्याला आणि गेला. मालतीबाईंनी पिठाच्या हाताने टाकीवरून हात फिरवला. लेकीकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला होता.

"तेका पत्तो गावलो गो," त्या म्हणाल्या.

सुनीतीला तेव्हाच सांगता आलं असतं. आई, तो माझा प्रोग्राम आहे. आई, ती माझी चूक आहे. चार शब्दांचं काम. पण 'ऑफिसला उशीर होतो' म्हणून ती खाली उतरली आणि रिक्षाने थेट एजन्सीत गेली. ज्ञानेश्वरीला बाजूला बसवून तिने यादी उघडली. सर्वांत वर तो होता, चांदणी नसलेला, उघडा. वयाच्या रकान्यात छत्तीस होतं. गेला तेव्हा चोवीसचा होता. जन्मतारीख खरी घातली की प्रोग्राम वय आपणच मोजतो. ही सोय तिनेच लिहिली होती, आणि दादा इतकी वर्षं आत बसून वाढत राहिला होता.

तिने डिलीट केलं. चांदणी उमटली. मग पॅक करायला हवं होतं. पण त्यासाठी बाकीच्या मशिनी बंद ठेवाव्या लागतात, खिडकीशी रांग लागली आहे, उगाच कशाला, असं म्हणत तिने हात मागे घेतला. कारण पुन्हा चांगलंच होतं.

संध्याकाळी घरी आली तर ताट वाढलेलं होतं. तीन ताटं. दाराची कडी काढलेली.

"काकाक फोन केलंय," आई म्हणाली. "पुतळो नको म्हणून सांगलंय. जित्या माणसाचो पुतळो करतत काय?"

त्या रात्री आणि पुढच्या सगळ्या रात्री दाराला कडी लागली नाही. सुनीतीला झोप येईना. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की ती उठून बसायची. तिला भीती कसली वाटत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. कोणी येणार नाही हे ती पक्कं जाणून होती, आणि तरी पाऊल दुसऱ्या मजल्यावर थांबलं की तिला राग यायचा.

मालतीबाई आता दिवसभर टेलिफोनच्या आसपास असायच्या. आणि टेलिफोन आलाच. सुनीती घरीच होती, सुट्टीचा दिवस होता. आईने उचलला.

"हां, हयच रवता... बरां... बरां... सांगतंय तेका." फोन ठेवून त्या लेकीकडे वळल्या. "चष्म्याच्या दुकानातसून होतो. वाशीच्या. इंद्रजितान डोळे तपासून वरीस झालां, परत तपासूक येवा म्हणत." त्या खुर्चीवर बसल्या. "तेका चष्मो लागलो गो? डोळे कितके चांगले होते तेचे. खाडीच्या पलतडचो माणूस वळखायचो."

चष्म्याच्या दुकानाचा प्रोग्राम सुनीतीचाच. तिथे अलीकडेच जुनी माहिती नव्या मशिनवर हलवली होती. हलवणाऱ्याने चांदण्या बघितल्याच नसतील आणि सगळेच उचलून नेले असतील. हे तिला लख्ख कळत होतं. पण कळून काय उपयोग. तिला एकदम दिसलं, की दादा फक्त गॅसवाल्याकडे आणि चष्म्याच्या दुकानात नाही. सानपाड्याच्या वाचनालयात तो सभासद आहे. खारघरच्या दवाखान्यात त्याला एकदा ताप आला आहे. कळंबोलीच्या गॅरेजात त्याची स्कूटर दर तीन महिन्यांनी तेलपाण्याला येते. नवी मुंबईतल्या माणसाला जे जे लागतं ते ते तिने त्याला एकेक करून दिलं होतं, आणि सगळीकडे त्याच्या कपाळावर एक चांदणी लावून त्याला अंधारात उभं करून ठेवलं होतं. आता तो एकेक दार उघडून बाहेर पडत होता.

आईला सांगायचं तर आत्ताच, असं तिने ठरवलं. मग संध्याकाळी सांगू म्हणाली. मग उद्या. आईच्या चेहऱ्यावर आलेला उजेड आपल्या हाताने फुंकून टाकायचा, हे तिच्याच्याने होत नव्हतं. आणि सर्वपित्री जवळ येत चालली होती. ही अमावास्या चुकली तर आई पुन्हा कधी तयार होणार नाही, हे सुनीतीला ठाऊक होतं. अशीच ताटं वाढत, अशीच दाराकडे बघत म्हातारी संपून जाईल.

शेवटी मालतीबाईंनीच पाऊल उचललं. ऑफिसात फोन वाजला. ज्ञानेश्वरी होती.

"मॅडम, तुमच्या आई इथं आल्यात. आमच्या हौसेरावाला विचारत विचारत आल्या. पोराची सही दाखवा म्हणतात. गॅस लावताना सही करतातच ना, ती बघायचीय म्हणतात. मी काय सांगू? प्लीज लवकर या ना."

सुनीती पोचली तेव्हा एजन्सीच्या खिडकीशी नेहमीसारखी रांग होती. आत ज्ञानेश्वरीच्या खुर्चीवर मालतीबाई बसल्या होत्या. लग्नाकार्याला नेसायचं लुगडं. मांडीवर डबा. झाकणातून कुळथाच्या पिठीचा वास येत होता. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या.

"इलंस?" त्या म्हणाल्या. "ह्या चेडवाक सांग गो. माका तेची सही बघूची आसा. अक्षर बघलंय की माका कळतला."

सुनीती त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली.

"सही नाही, आई. दादा इथे आलाच नव्हता. मी त्याला घातलं."

मग तिने सगळं सांगितलं. यादी, पहिलं नाव, चांदणी, रिकॉल. सांगताना तिची मान वर होईना. ज्ञानेश्वरी खिडकीपाशी तोंड फिरवून उभी राहिली.

"दाखय," मालतीबाई म्हणाल्या.

सुनीतीने यादी उघडली, लपवलेलंही दाखव असं यंत्राला सांगितलं. नाव वर आलं. इंग्रजी अक्षरं मालतीबाईंना वाचता येत नव्हती, तिने बोट ठेवून दाखवलं. त्यांनी काचेवर आपलं बोट टेकवलं.

"इतकी वर्सां हय आसा?"

"हो."

"आनि चष्म्याच्या दुकानात?"

"तिथेही. वाचनालयात आहे. दवाखान्यात. कळंबोलीला गॅरेजात त्याची स्कूटर आहे."

परदेशातल्या मुलाची खुशाली ऐकावी तशा त्या ऐकत होत्या. "स्कूटर?" त्यांनी विचारलं. "खंयच्या रंगाची?"

"निळी," सुनीती म्हणाली. रंगाचा रकाना होता, तिने भरला होता. आणि ते निळी म्हणताना इतक्या वर्षांचं तिचं रडू फुटलं. कसली तपासायला सोय आणि कसलं काय. तिला ते पॅक कधी करायचंच नव्हतं. आईला नाद लागलाय असं सगळे म्हणायचे, आणि मुकाट्याने मान डोलावणारी ही, शहाणी, कमावती, दिवसभर लोकांच्या चुका काढणारी, हीच त्याला धरून बसली होती.

मालतीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माका सगळे खुळी म्हणत. मी तयार झाललंय, बाये. मी तेका सोडललंय. तू नाय सोडलंस." त्या थांबल्या. "तो दर्यात नाय गो. इतकी वर्सां तुज्या ह्या डब्यात फिरता. दारोदार. दमलो आसतलो गो तो."

खिडकीशी कोणी तरी 'ओ ताई, नंबर घ्या की' म्हणून ओरडलं. ज्ञानेश्वरीने हात दाखवून त्याला थांबवलं आणि न सांगता बाकीच्या दोन मशिनी बंद केल्या.

"काय करूचा लागता?" मालतीबाईंनी विचारलं.

"एक शब्द. मग तो कुठेच राहत नाही. परत आणता येत नाही, आई. मलाही नाही."

"कर."

सुनीतीने डोळे पुसले आणि चार अक्षरं टाइप केली. बोट एंटरवर आलं आणि तिथेच राहिलं. आईने तिच्या हाताला हात लावला नाही. फक्त खुर्चीवरून वाकून कानाशी बोलली.

"तेका जा म्हण गो. तू ये म्हटलेलंस. म्हणान तो थांबलो."

दारात उभी राहून बारा वर्षांपूर्वी सुनीती एक शब्द बोलली होती, सगळे बोलतात तो. आता दुसरा बोलायचा होता, आणि तो आपल्याकडे कोणी कोणाला बोलत नाही.

"जा, दादा," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

यंत्र थोडं घरघरलं. मागची माणसं एकेक जागा पुढे सरकली. मग पडदा स्वच्छ झाला आणि यादी पुन्हा आली, तशीच, भरलेली, फक्त कुठे चांदणी नव्हती.

"आता पयलां कोण आसा?" मालतीबाईंनी विचारलं.

"वेणूबाई गावंड. इथल्या मालकांची आई."

"बरां झालां," मालतीबाई म्हणाल्या. "तिका गॅस येळार गावांदे."

त्यांनी पदर सारखा केला. मांडीवरचा डबा हातात घेऊन उठल्या, दारापाशी जाऊन चपला घातल्या. सुनीती अजून खाली बसलेलीच होती. त्यांनी वळून तिला हाक मारली.

"ऊठ. काकाक मगे फोन करूया. आधी वाशीक चल, चष्म्याच्या दुकानात. तो थंय वाट बघत आसतलो."

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. मालतीबाई आधी बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि लेकीसाठी थोड्या आत सरकल्या.